‘लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्नच चुकीचा

शिडीवरून माणूस पडला की भोवती जमलेल्या घोळक्यातून पहिला प्रश्न ठरलेला असतो: “लक्ष कुठे होतं रे तुझं?” उल्हासनगरच्या कॅम्पातलं दुकान असो, अंबरनाथच्या एमआयडीसीतली शेड असो की बदलापूरच्या नव्या सोसायटीचा जिना, प्रश्न तोच. पडलेला माणूस कळवळत असतो. कुणी पाणी आणतं, कुणी रिक्षा थांबवतं, आणि तेवढ्या वेळात निकाल लागूनही जातो: याचाच निष्काळजीपणा. शिडीकडे कुणी बघत नाही. ती तिथंच आडवी पडलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी तीच उचलून त्याच भिंतीला लावतो.

मलाही हा प्रश्न विचारला गेला आहे. आयटीआय करून नुकताच एका इलेक्ट्रिक ठेकेदाराकडे लागलो होतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात ट्यूबलाइटच्या फिटिंग बदलायच्या होत्या. शेडमध्ये एकच लाकडी घोडी होती, आठ फुटांची, रंगाऱ्यांनी मागे टाकलेली. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये ती उघडायला जागा नव्हती, म्हणून मिटूनच भिंतीला टेकवली. घोडीचे पाय खालून तिरके कापलेले असतात, उघडल्यावर जमिनीवर सपाट बसावेत म्हणून. मिटलेली घोडी त्यामुळे पायांच्या नुसत्या कडेवर उभी राहते. खाली कोब्याची जमीन, तिच्यावर कटिंग ऑइलचा पातळ थर. मी वर पोचलो, फिटिंगचा स्क्रू सोडवायला हात लांबवला आणि घोडीचे पाय मागे सरकले. उजव्या टाचेचं हाड मोडलं, तीन महिने घरी बसलो. ठेकेदार भेटायला आला, फळांची पिशवी खाटेवर ठेवली आणि त्यानंही तेच विचारलं. मी मान खाली घातली. पुढची कित्येक वर्षं मीही हेच मानत राहिलो की माझं लक्ष नव्हतं.

आज मी स्वतः वायरिंगची आणि देखभालीची कामं घेतो, शहाडपासून बदलापूरपर्यंत फिरतो, हाताखाली पोरं आहेत. त्या दिवशी माझं लक्ष होतं, हे आता मी ठामपणे सांगू शकतो. ते स्क्रूवर होतं, जिथं असायला हवं तिथंच होतं. शिडी चुकीची होती. जागेला न बसणारी, कामाला न पुरणारी, आणि माझ्या हाती दुसरा पर्याय न ठेवता दिलेली. माझं म्हणणं एवढंच आहे: शिडीवरून पडणं बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच ठरलेलं असतं. कोणती शिडी, कोणत्या कामाला, कोणत्या जमिनीवर, हे ज्यानं ठरवलं त्यानं ते ठरवलेलं असतं. आणि ठरवणारा बहुधा चढणारा नसतो, काम देणारा असतो. याच्या विरोधात जे जे बोललं जातं ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. त्याला एकेक करून उत्तर द्यायची वेळ आली आहे.

पहिलं म्हणणं निष्काळजीपणाचं. “नीट बघून चढला असता तर पडला नसता.” भिंतीला टेकवलेल्या शिडीचा साधा हिशेब या म्हणण्याला पुरेसं उत्तर देतो. शिडी जमिनीशी ७५ अंशांच्या आसपास उभी असावी, म्हणजे वर चार फूट तर खाली भिंतीपासून एक फूट. बारा फुटांवर टेकवायची असेल तर पाय तीन फूट बाहेर. या कोनात ७० किलोचा माणूस शिडीच्या टोकाजवळ पोचला की शिडीचे पाय बाहेर ढकलणारा जोर साधारण १९ किलोचा असतो. शिडी आखूड किंवा जागा अडचणीची म्हणून पाय आणखी बाहेर घेतले आणि कोन ६० अंशांवर आला, की तोच जोर ४० किलोपर्यंत जातो. ४५ अंशांवर तो माणसाच्या वजनाइतका, पुरता ७० किलो होतो. हा जोर थोपवायला खाली असतं ते फक्त घर्षण. रबरी बूट झिजलेले असले, फरशी गुळगुळीत किंवा ओली असली, तर ते किती पुरणार?

यातली सगळ्यात घातक गोष्ट पुढे आहे. हा जोर माणूस जसा वर चढतो तसा वाढत जातो. अर्ध्या शिडीवर तो निम्माच असतो. म्हणून खालच्या पायऱ्यांवर दोनदा उड्या मारून, हलवून बघितलेली शिडी घट्ट वाटते आणि वर पोचल्यावर सरकते. जो माणूस तपासून चढला तोही पडतो. त्याच्या लक्षाला ही गोष्ट कळण्याचा मार्गच नसतो. आणि पाय सरकल्यावर सावरायला वेळ किती? सात फुटांवरून जमिनीवर यायला पाऊण सेकंदही लागत नाही, आणि टेकताना वेग ताशी २३ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेळात कुणाचंही लक्ष काही करू शकत नाही.

आपल्याकडचा कायदासुद्धा या निष्काळजीपणाच्या सबबीला फारशी जागा देत नाही, हे कामगारांना माहीत नसतं आणि मालक सांगत नाहीत. कामगार नुकसानभरपाईचा मूळ कायदा १९२३ सालचा, इंग्रजांच्या काळातला; २०२५ पासून त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. कामावर असताना इजा झाली तर भरपाई द्यायची, आणि ती नाकारण्यासाठी कामगाराची साधी हयगय पुरत नाही. तो नशेत होता, किंवा त्यानं सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, असे मोजके अपवाद आहेत. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे अपवादही चालत नाहीत. आपल्या धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदारामार्फत करून घेणारा मूळ मालकही या कायद्यातून सुटत नाही. शंभर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे कळलं, ते आपल्या घोळक्याला अजून कळलेलं नाही. म्हणजे “लक्ष कुठे होतं” हा प्रश्न ज्या क्षणी विचारला जातो, त्या क्षणी पडलेल्या माणसाचा हक्कही त्याच्याकडून काढून घेतला जातो. तो स्वतःलाच दोषी मानतो आणि मागायला जात नाही. मीही गेलो नव्हतो.

दुसरं म्हणणं बांबूचं. “आमचे आजोबा बांबूच्या शिडीवरून कौलं शाकारायचे, त्यांना कुठं लागत होत्या ॲल्युमिनियमच्या शिड्या?” या म्हणण्यात सत्याचा अंश आहे आणि तो मी मान्य करतो. बांबूची शिडी हलकी असते, स्वस्त असते, आणि जो मिस्त्री ती स्वतः बांधतो त्याला तिचा प्रत्येक जोड ठाऊक असतो. पण आजोबांची शिडी सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात उभी राहायची. बांबूची टोकं जमिनीत दोन बोटं रुतायची आणि तिथंच पक्की व्हायची. आज तीच शिडी व्हिट्रिफाइड टाइल्सवर उभी केली जाते, तिथं रुतायला काही नाही. आजोबांच्या डोक्यावर विजेची तार नव्हती. ओला बांबू वीज वाहून नेतो, आणि आपल्या भागात जून ते सप्टेंबर बांबू कोरडा असतो कधी? काथ्या वाळला की गाठ सैल होते. आजकाल गाठ बांधायचे कष्टही कुणी घेत नाही, खिळा ठोकतात. खिळ्यानं बांबू उभा चिरतो आणि ती चीर बाहेरून दिसत नाही.

राहिला प्रश्न “तेव्हा कुणी पडत नव्हतं” याचा. पडत होते. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही, इतकंच. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा. माळ्यावरून पडून कंबर गेलेला कुणी काका, कौलांवरून घसरून एक पाय आखूड झालेला कुणी आजोबा जवळजवळ प्रत्येक घराण्यात निघतो. “नशीब” म्हणून ते सोडून दिलं गेलं. जुनं साधन जुन्या जमिनीवर जुन्या कामाला योग्य होतं. जमीन बदलली, काम बदललं, साधनही बदलायला हवं. आजोबांचा मान राखायचा तो असा.

तिसरं म्हणणं आजच्या बाजाराचं, आणि मला ते सगळ्यात धोक्याचं वाटतं: “एक चांगली बहुउपयोगी घडीची शिडी घेऊन टाका, घर-दुकान-कारखाना सगळं भागतं.” चार बिजागऱ्यांची, चकचकीत ॲल्युमिनियमची, उघडली तर सरळ, वाकवली तर घोडी, आणखी वाकवली तर बाकडं. ती वाईट वस्तू नाही. पण सगळ्या कामांना चालणारी शिडी असा प्रकार अस्तित्वात नाही. हे दाखवायला लांब जायला नको. कल्याण–बदलापूर रस्त्यावरची आपली तीन शहरं पुरेशी आहेत. अंतर काही किलोमीटरचं, पण प्रत्येक ठिकाणी शिडीकडून मागणी वेगळी.

उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्कराच्या छावणीत उतरवलं आणि १९४९ साली त्या छावणीला हे नाव मिळालं. पत्त्यात अजूनही कॅम्प नंबर आणि बॅरेक नंबर चालतात. बॅरेकीच्या आजूबाजूला मजले चढले, पुढे दुकानं आली, मागे टाक्या आल्या, पण गल्ली तेवढीच राहिली. पाच फुटांच्या गल्लीत, भिंतीला लागून गटार, आणि डोक्यावर विजेच्या, केबलच्या, इंटरनेटच्या तारांचं जाळं. या गल्लीत दुकानाच्या बोर्डामागची वायर दुरुस्त करायला ॲल्युमिनियमची शिडी आणणं म्हणजे चौदा फुटांचा वाहक हातात धरून तारांमधून चालणं. अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीपासून इमारतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट असावं असा नियम आहे. ते अंतर पाळलेलं असेल असं गृहीत धरलं तरी चार फुटांच्या फटीत चौदा फुटांची शिडी फिरवताना काय होईल? शिडी भिंतीला लागण्याआधी, नुसती उभी करतानाच तार लागते. इथं शिडी हवी ती फायबरची, स्वच्छ आणि कोरडी. ती जड असते, खांदा दुखतो, महाग पडते. पण विजेच्या कामाला दुसरा पर्याय नाही, आणि फायबरच्या शिडीवर ग्रीस-चिखलाचा लेप चढू दिला तर तिचाही भरवसा नाही.

आणखी एक गोष्ट उल्हासनगरात रोज दिसते. टाकी साफ करायला माणूस शिडीवरून स्लॅबवर जातो आणि शिडी बरोबर स्लॅबच्या कडेला संपलेली असते. चढताना जमतं. उतरताना मात्र पाठ रस्त्याकडे करून, हाताला धरायला काही नसताना, न दिसणाऱ्या पायरीचा पायानं शोध घ्यावा लागतो. शिडी कडेच्या वर तीन फूट तरी निघायला हवी आणि वर बांधायला हवी. तीन फूट कमी पडलेली शिडी हातात दिली, मग त्या माणसानं कितीही जपून पाऊल टाकलं तरी ते अंधारातच पडणार.

अंबरनाथ घ्या. विम्कोच्या माचिस कारखान्यापासून ऑर्डनन्स फॅक्टरीपर्यंत आणि पुढे मोरिवली, आनंदनगरच्या वसाहतींपर्यंत हे गाव कारखान्यांवर वाढलं. इथल्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतात, वीस-वीस, तीस-तीस वर्षांचे. मे महिन्याच्या शेवटी गळती बंद करायला माणसं वर चढवतात. शिडी कितीही उत्तम असो, ती संपते तिथं धोका सुरू होतो. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेत नाही. मधेमधे उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे धूळ-शेवाळ बसून बाकीच्यांसारखेच दिसतात, आणि पाय ठेवला की माणूस सरळ खाली मशीनवर जातो. “पर्लिनवरच्या बोल्टच्या ओळीनं चालायचं” (पर्लिन म्हणजे पत्रा जिच्यावर टेकतो ती आडवी तुळई) हा सल्ला मी कैक उस्तादांकडून ऐकला आहे. दहा इंच घसरलं की तो सल्ला संपला. या कामाला लागते ती छपराची शिडी, मोभाला आकड्यानं अडकणारी, किंवा पर्लिनपासून पर्लिनपर्यंत पुरणाऱ्या रुंद फळ्या, आणि छपराच्या कैचीला बांधलेला पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा. माणूस जिथून पडू शकतो तिथं संरक्षणाची सोय करायची जबाबदारी कारखान्याची, असं २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३२ व्या कलमात लिहून ठेवलेलं होतं. बहुउपयोगी शिडी इथं कशालाच उपयोगी नाही.

बदलापूर घ्या. कात्रप, बेलवली, मांजर्ली, शिरगाव, जिकडे बघावं तिकडे टॉवर. इथं पडणारा माणूस बहुतेक वेळा कामगार नसतो, घरातली बाई असते. दिवाळीची साफसफाई, पोटमाळ्यावरची भांडी, पंख्याची पाती. साधन कोणतं? प्लास्टिकचं स्टूल, आणि ते पुरलं नाही तर पलंगावर ठेवलेलं प्लास्टिकचं स्टूल. पोटमाळा साधारण सात फुटांवर असतो. पाच फूट उंचीच्या बाईचे डोळे जमिनीपासून साडेचार फुटांच्या आसपास. दीड फुटाच्या स्टुलावर ती उभी राहिली तर डोळे सहा फुटांवर येतात, म्हणजे माळ्याच्या तळाच्याही खाली. ती आत काय आहे ते न बघता, डोक्यावर हात उंचावून, पितळेचा डबा चाचपडत ओढते. डबा कडेवरून सुटला की त्याचं वजन अचानक हातावर येतं आणि स्टूल एका बाजूला कलतं. तिला “जपून गं” म्हणून काय उपयोग? तिला हवी आहे रुंद पायऱ्यांची, वर उभं राहायला फळी आणि फळीच्या वर धरायला दांडी असलेली चार पायऱ्यांची घरगुती घोडी. तीन फुटांच्या फळीवर तिचे डोळे साडेसात फुटांवर येतात. माळा आतून दिसतो, डबा छातीशी धरून उचलता येतो, आणि गुडघा दांडीला टेकून राहतो. एवढाच फरक, पण कंबर आणि कुबडी यांच्यातला.

याच बदलापुरात एसीचं बाहेरचं युनिट सातव्या मजल्याच्या भिंतीवर असतं. तीस-चाळीस किलोंचं ते धूड उचलायला कुणीतरी खिडकीच्या ग्रिलवर उभं राहतं, कुणी डक्टमध्ये शिडी लावतं. हे शिडीचं कामच नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात शिडीवरचं काम एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त नसावं आणि हातातलं ओझं दहा किलोंच्या वर नसावं असं साधं मोजमाप दिलं आहे. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेचं पहिलं वाक्यच त्या अर्थाचं आहे: जमिनीवरून सुरक्षितपणे करता येत नाही अशा सगळ्या कामांना पहाड बांधायचा, शिडी फक्त थोड्या वेळाच्या, शिडीवरून खरोखर सुरक्षित होणाऱ्या कामाला. आणि शिडी वापरायची तर ती धरायला एक जादा मजूर ठेवायचा. शिडी नऊ मीटरपेक्षा लांब नको, पायऱ्यांमधलं अंतर तीस सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, हेही तिथं आहे. शिड्यांसाठी आपलं स्वतंत्र भारतीय मानकही आहे, आयएस ३६९६ चा दुसरा भाग, १९९१ चा. म्हणजे हे सगळं आपल्या देशात, आपल्या सरकारी कागदांवर छापलेलं आहे. त्या ‘जादा मजुरा’ला मी इतक्या वर्षांत खाजगी कामावर फार क्वचित भेटलो. दरपत्रकात त्याच्या हजेरीची ओळ दिसली की ग्राहक पहिली तीच खोडतो.

इथंच चौथं म्हणणं येतं: “अहो, पाच मिनिटांचं तर काम.” हे वाक्य मी शेठकडून ऐकलं, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून ऐकलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या तोंडूनही निघालेलं आहे. पाच मिनिटांचं काम म्हणून शिडी बांधत नाहीत, पाच मिनिटांचं म्हणून बूट घालत नाहीत, चपलेवर चढतात. पाच मिनिटांचं म्हणून खाली उतरून शिडी सरकवत नाहीत, वरूनच हात ताणतात. रंगारी तर घोडीवर उभे राहूनच ती चालवतात: कमरेला हिसका देऊन एक पाय पुढे, मग दुसरा. बघणाऱ्याला ते कौशल्य वाटतं. पण प्रत्येक हिसक्याला घोडीच्या मधल्या दोरीवर, बिजागरीवर आणि स्क्रूवर ताण येतो, आणि ती दोरी कधी तुटेल हे रंगाऱ्याला माहीत नसतं. तो असं का करतो? उतरून चढायला लागणारा वेळ त्याच्या ठेक्यात धरलेला नसतो म्हणून. चौरस फुटावर पैसे ठरलेत. वेळ वाचवायची सक्ती आपण करतो आणि वेळ वाचवताना पडला की त्याला घाईचा दोष देतो.

पोटाच्या बेंबीपासून सरळ खाली रेघ काढा. ती शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये राहिली पाहिजे, बाहेर गेली की शिडी कलणार. ही गोष्ट मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. पण शिकवून झाल्यावर मला त्यांना वेळही द्यावा लागतो, दर तीन फुटांवर उतरून शिडी हलवायला. तो वेळ मी ग्राहकाच्या बिलात धरतो आणि का धरला ते सांगतो. काही ग्राहक दुसऱ्याकडे जातात. जाऊ देत.

आता शेवटचं आणि सगळ्यात प्रामाणिक म्हणणं: “परवडत नाही.” हातावर पोट असलेल्या प्लंबरचं हे म्हणणं असेल तर मी त्याच्या बाजूनं उभा आहे. त्याला खरंच परवडत नाही. फायबरची शिडी घ्यायची तर त्याची कित्येक दिवसांची कमाई जाते, आणि ती रिक्षात बसत नाही, लोकलच्या डब्यात शिरत नाही. म्हणून तो गिऱ्हाइकाकडे जे असेल त्यावर चढतो. पण म्हणूनच शिडीची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. ती जिथं काम आहे तिथं असायला हवी. ज्या सोसायटीत गणपतीच्या रोषणाईला, नवरात्राच्या मंडपाला वर्गणी निघते, त्या सोसायटीत एक फायबरची शिडी आणि एक फळीची घोडी निघू शकत नाही, हे मला पटत नाही. ती वॉचमनच्या खोलीत साखळीनं बांधून ठेवा. वायरमन आला की द्या, घरच्या बाईला दिवाळीत लागली की द्या, वर्षातून एकदा तिचे बूट, बिजागऱ्या, दोरी तपासा. कारखान्याला तर परवडत नाही म्हणायची सोयच नाही. आणि जी शिडी मोडली, चिरली, वाकली ती कोपऱ्यात उभी करून ठेवू नका, कापून टाका. कोपऱ्यातली मोडकी शिडी कुणीतरी कधीतरी उचलतोच. मी उचलली होती.

आपल्याला हे कळत नाही असं नाही. दहीहंडीच्या दिवसांत हीच तीन शहरं थर लावायला रात्र-रात्र सराव करतात. वर चढणारं पोर हलकं आणि चपळ हवं हे खरं, पण मंडळाचा उस्ताद सगळा जीव ओततो तो खालच्या थरावर: कोण किती ताकदीचं, कुणाचा खांदा कुणाच्या खांद्याला, पाय कुठं रोवायचा, पडलं तर झेलायला कोण. मनोरा कोसळला तर वरच्या पोराला कुणी “लक्ष कुठे होतं” असं विचारत नाही, खालचा थर कुठं हलला ते बघतात. २०२२ साली राज्य सरकारनं गोविंदांना विमा संरक्षण जाहीर केलं, मृत्यू झाल्यास दहा लाख. ते योग्यच झालं. उत्सवातल्या एका दिवसाच्या चढाईला जी समज आपण दाखवतो, तीच पोटासाठी रोज चढणाऱ्याला का दाखवू नये? त्याच्या पायाखालची शिडी हाच त्याचा खालचा थर आहे, आणि तो थर लावणारे आपण आहोत.

काळजी घेऊ नका असं मी म्हणत नाही. चढताना तोंड शिडीकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात सतत टेकलेले, हत्यारं पिशवीत, टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या सोडलेल्या. हे सगळं चढणाऱ्यानं पाळायलाच हवं, आणि जो पाळत नाही त्याला मी कामावरून घरी पाठवतो. पण काळजी योग्य शिडीवर उपयोगी पडते. चुकीच्या शिडीवर ती फक्त पडण्याची वेळ थोडी पुढे ढकलते.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणी पडला तर आधी त्याला दवाखान्यात न्या, आणि मग घोळक्यातून तो जुना प्रश्न आला तर तो अडवा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: शिडी कोणती होती? ती कुणी दिली? खाली धरायला कोण होतं? या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच जागी, त्याच वेळी, शिडी हलवण्याआधी लिहून ठेवा. पडलेल्या माणसाला ती पुढे लागतील.

गेल्या आठवड्यात अंबरनाथच्या कानसईत एका घरी फॉल्स सीलिंगमधली वायर बदलायची होती. नवीन पोरगा माझ्याबरोबर होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. मालकीणबाईंनी सवयीनं डायनिंगची खुर्ची पुढे केली, आणि पोरगा चढायलाही निघाला. मी म्हटलं, “थांब रे, टेम्पोतून घोडी काढ.” तो म्हणाला, “काका, दोन स्क्रूचं तर काम आहे.” मी त्याला माझी उजवी टाच दाखवली नाही, भाषणही दिलं नाही. घोडी आली, पूर्ण उघडली, मधला खटका बसल्याचा आवाज आला, चारही पाय फरशीवर टेकलेत का ते त्यानं वाकून पाहिलं. तो चढला. मी खाली उभा राहिलो, दोन्ही हातांनी घोडी धरून. त्याचं लक्ष स्क्रूवर होतं. ते तिथंच राहावं म्हणून खाली मी होतो.